जांगड माल आणि उसना कान

मराठी व्यापाऱ्यांच्या बोलीत 'जांगड' हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. दुकानातून माल घरी न्यावयाचा, चार दिवस पाहावयाचा, पसंत पडला तर पैसे द्यावयाचे आणि न पडला तर जसाच्या तसा परत करावयाचा, ह्या बोलीवर दिलेला माल तो जांगड माल. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द ह्याच अर्थाने नोंदलेला आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही तो चांगला रुळलेला होता. मुंबईच्या हिरेबाजारात आजही लाखोंचे हिरे एका जांगड चिठ्ठीवर ह्या हातातून त्या हातात जातात. आणि केवळ रूढी म्हणूनच नव्हे, कायदा म्हणूनही ही बोली मान्य आहे. १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या चोविसाव्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाविषयी जे सांगितले आहे त्याचा मथितार्थ असा, की घेणाऱ्याने 'पसंत आहे' असे कळविले, किंवा माल आपलाच असल्यासारखा त्याने त्याचा व्यवहार केला, किंवा नापसंती न कळविता ठरलेली मुदत, आणि मुदत ठरली नसेल तर वाजवी काळ, उलटू दिला, की माल त्याचा झाला. हे शेवटचे वाक्य वाचकांनी जरा ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

ह्या जुन्या शब्दाची आठवण होण्याचे कारण अगदी नवे आहे. संगीत ऐकण्याची उत्तम यंत्रे बाळगणारा एक शौकीन वर्ग आपल्याकडे आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. तबकडी फिरविणारे यंत्र, ॲम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक हे तीन ऐवज एकमेकांना जोडण्यासाठी ज्या तारा लागतात त्यांना हे लोक केबल म्हणतात, आणि ह्या केबलींची किंमत शंभर रुपयांपासून ज्या आकड्यापर्यंत चढते तो आकडा मी येथे लिहिला तर छापणाऱ्याची चूक वाटेल. इतकी महागाची तार नुसती दुकानात पाहून कोण घेणार? म्हणून काही दुकानदार ती आठ-पंधरा दिवसांच्या बोलीवर घरी नेऊ देतात. अमेरिकेत तर ह्या कामासाठी केबलींचे रीतसर ग्रंथालयच चालविणारे दुकान आहे. आपल्या घरात, आपल्या यंत्रावर, आपल्या आवडीच्या गायकाच्या तबकडीवर ती लावून पाहा, आणि आपल्याच कानाला विचारा, असे त्यांचे म्हणणे.

प्रथमदर्शनी ह्याहून न्याय्य काय असणार? दुकानाच्या गालिचा घातलेल्या खोलीतला आवाज आणि आपल्या शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशी घातलेल्या माजघरातला आवाज एक नसतो. काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ध्वनिमुद्रिका विकत घेण्यापूर्वी ती ऐकण्यासाठी छोट्या खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांत ज्यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील दुपारी घालविल्या ते २०१६ साली ते दुकान बंद झाले तेव्हा हळहळले. परंतु त्या खोलीत गाणे ऐकावयाचे असे, तार नव्हे. गाणे कोणत्याही खोलीत ओळखू येते. तारेचा गुण, असला तर, घरीच कळणार. तेव्हा जांगड हीच ह्या मालाची योग्य रीत, असे कोणीही म्हणेल. मला मात्र ह्या रीतीत दोन ठिकाणी खोट दिसते, आणि ती दोन्ही ठिकाणे केवळ केबलीपुरती नाहीत असे वाटते, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट उसनवारीची. मी ज्या धामापुरात राहतो तेथील तलाव १५३० साली, विजयनगरच्या अमदानीत, नागेश देसायांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने बांधविला असे सांगतात. २०२० साली जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या सिंचनस्थळांत त्याचे नाव आले, आणि तेव्हापासून मोटारी थांबवून त्याचे छायाचित्र घेणारांची संख्या वाढली. परंतु गावाला त्याचा मोठेपणा त्याआधीपासून ठाऊक होता, तो निराळ्या कारणाने. काठावर भगवतीचे देऊळ आहे. पूर्वी कोणाच्या घरी लग्न निघाले आणि मुलीच्या अंगावर घालावयास दागिना नसला, की फुलांची परडी पाण्यात सोडावयाची आणि देवीला गाऱ्हाणे घालावयाचे. परडी बुडे आणि सोन्याचे दागिने घेऊन वर येई. लग्न आटोपले की दागिने तसेच परडीत घालून परत पाण्यात सोडावयाचे. पुढे कोणाची तरी बुद्धी फिरली, त्याने दागिने ठेवून घेतले, आणि त्या दिवसापासून तलावाने देणे बंद केले.

ही कथा आमच्या तलावाची खास मालमत्ता आहे अशी आमच्या गावची समजूत असली, तरी तसे नाही. एन्थोवेन ह्यांच्या १९१५ च्या कोकणातील लोकसमजुतींच्या संग्रहात लग्नकार्याला भांडी देणाऱ्या तळ्यांच्या अशाच हकिगती आल्या आहेत. फार कशाला, इंग्लंडातील सरे परगण्यात फ्रेन्शॅम येथील चर्चमध्ये एक प्रचंड कढई ठेवलेली आहे, आणि जॉन ऑब्रे ह्या सतराव्या शतकातील लेखकाने तिच्याविषयी नोंदविलेली आख्यायिका अशी, की जवळच्या टेकडीवर जाऊन पऱ्यांना हाक घातली की हवी ती वस्तू उसनी मिळे. ही कढई कोणी वेळेवर परत केली नाही, तेव्हा पऱ्यांनी ती परतही घेतली नाही आणि पुढे कोणाला काही दिलेही नाही. आमच्याकडे दागिना गेला, त्यांच्याकडे कढई उरली, एवढाच फरक.

आता ह्या कथा उसनवारीच्या आहेत, जांगडीच्या नव्हेत. तलाव दागिना देतो तो घेणाऱ्याजवळ नाही म्हणून. तो परत यावा हीच देणाऱ्याची इच्छा. दुकानदार जी केबल देतो ती परत येऊ नये अशी त्याची इच्छा असते, आणि ती गैर आहे असे मी म्हणत नाही, धंदाच तो. पण दोन्ही ठिकाणी घेणारा मनुष्य एकच असतो, आणि तो देवीकडून घेण्याची भाषा दुकानदाराशीही वापरतो. 'त्याने विश्वासाने दिली आहे', 'इतके दिवस ठेवून घेऊन परत कोणत्या तोंडाने करावयाची', ही वाक्ये मी स्वतः ऐकली आहेत. कोकणात ह्या भावनेला भीड म्हणतात. भिडेपायी आम्ही मुली दिल्या आहेत, कलमांच्या बागा दिल्या आहेत. मग केबलीचे पैसे देणे काय मोठे? जांगडीचा व्यवहार कोरा नसतो. चीज घरात आली की परत करण्याचे ओझे घेणाऱ्यावर येते, आणि कायद्याचे ते शेवटचे वाक्य, मुदत उलटली की माल तुझा, हे त्या ओझ्याच्या शेजारीच उभे असते.

दुसरी खोट कानाची. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी तारेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाही तर हा लेख 'आमच्या वेळी असे काही नव्हते' ह्या जातीचा होईल.

तारेने आवाजात फरक पडू शकतो. कोणत्या तारेने आणि का, हे आता नीट ठाऊक आहे. ध्वनिक्षेपकाकडे जाणारी तार बारीक आणि लांब असेल तर ती वाटेत काही शक्ती खाते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम रोध असतो. पाच मीटर अंतरावर जाऊन परत यावयाचे म्हणजे दहा मीटर, ०.१७ ओहम. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकापुढे हा सत्तेचाळिसावा हिस्सा झाला. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोही निम्म्याहून खाली येतो, आणि ती तार घराच्या वीजजोडणीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. तबकडीच्या सुईपासून निघणाऱ्या तारेची गोष्ट नाजूक. तिची विद्युत्-धारकता कमीजास्त झाली तर वरच्या पट्टीतील सूर उजळतात किंवा मंदावतात. ध्वनिग्राहकाच्या तारेवरील जाळीचे वेष्टण तुटले असेल तर पन्नास आवर्तनांचा तो ओळखीचा 'हूं' ऐकू येऊ लागतो, जो आमच्याकडच्या डबलबारीच्या श्रोत्यांना भजनाचाच भाग वाटतो. आणि समुद्राकाठी राहणाऱ्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खाऱ्या हवेने तांबे हिरवे पडते, खटक्यांवर मळ चढतो. जुनी तार काढून नवी लावताना तो मळ आपोआप घासला जातो, आवाज सुधारतो, आणि श्रेय नव्या तारेला मिळते. जुनीच तार एकदा काढून पुन्हा लावली असती तरी तेच झाले असते, पण असे करून पाहणारा विरळा.

म्हणजे लांबी, जाडी, धारकता, वेष्टण, खटके. एवढे सांभाळले की दोन चांगल्या तारांत कानाला फरक कळेल असे काही शिल्लक राहते काय, हा खरा वादाचा प्रश्न. विकणारे म्हणतात, राहते. चांदीचा मुलामा, धाग्यांची वीण, तांब्याच्या स्फटिकांची दिशा. त्यांचे आणखी एक म्हणणे असे, की केबल शंभर-दोनशे तास 'वाजून वाजून' मुरावी लागते. लोणचे मुरते हे मी समजू शकतो. केबल मुरेपर्यंत जांगडीची मुदत संपत येते आणि ऐकणाऱ्याचा कान नव्या आवाजाला मुरतो, हेही मला समजते.

कानावर माझा अविश्वास आहे असे मात्र कोणी समजू नये. कान किती बारीक ऐकू शकतो हे पाहावयाचे असेल तर मिरजेस जावे. तेथील सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जेथे टेकते तेथे एक सुती दोरा सरकवितात. ही जवारी लावण्याची युक्ती. दोरा केसभर पुढे गेला की तार बंद पडल्यासारखी वाटते. केसभर मागे आला की ती अशी काही झंकारू लागते, की षड्जातून गंधार उमलल्याचा भास होतो. हा भास नव्हे, तो स्वर तेथे असतोच. हा केसभराचा फरक गवयालाच कळतो असे नाही. सातवीतल्या मुलांना तंबोऱ्याकडे पाठ करून बसविले आणि दोरा सरकविला तर तीही 'आता लागला, गुरुजी' म्हणून ओरडतात. मी हे वर्गात करून पाहिले आहे. डोळ्याला दिसणार नाही इतका लहान बदल आणि कानाला इतका मोठा. तेव्हा कान खोटे बोलत नाही. पण पाठ करून बसणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

आता एका शेजाऱ्यांची हकिगत सांगतो. ते मुंबईत पस्तीस वर्षे नोकरी करून गावी परतले. आम्ही त्यांना काका म्हणतो. तरुणपणी गिरगावात आणि दादरला त्यांनी जे गाणे ऐकले ते त्यांच्या आयुष्याची खरी कमाई आहे, आणि निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी यंत्रे घेतली ती त्या कमाईच्या व्याजावर जगण्यासाठी. परंतु गेली दोन वर्षे त्यांची एकच तक्रार होती. 'गुरुजी, तंबोरा ऐकू येतो, पण त्याची झिलई गेली. झांज वाजते, पण तिचा तुषार उडत नाही.' प्रथम त्यांनी सुई बदलली. मग ध्वनिक्षेपक थोडे पुढे ओढले. शेवटी एका शहरातील दुकानदाराकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर केबलींची एक जोडी आणविली. किंमत बेचाळीस हजार. पडवीचे छप्पर त्याच वर्षी नव्याने करावयाचे होते, आणि काकी त्याविषयी एक शब्दही बोलत नव्हत्या, ह्यावरून घरात काय चालले असेल ते कळत होते.

केबल लावली त्या दिवशी काका उजळले. झिलई परत आली म्हणाले. चौथ्या दिवशी म्हणाले, थोडी आहे. आठव्या दिवशी त्यांनी मला बोलाविले. मी सुचविले ते असे. यंत्रापुढे पडदा लावावयाचा. आत त्यांचा नातू बसेल. नाणे उडवून तो जुनी किंवा नवी तार लावील आणि प्रत्येक वेळी, तार बदलली न बदलली तरी, दोन्ही खटके काढून पुन्हा घालील. आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावयाची, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. एक भूपाची तबकडी, तिच्यातील तोच तो आरंभीचा भाग, दहा वेळा. बाहेर आम्ही चौघे: काका, मी, शाळेतील पेटी वाजविणारे एक सहकारी आणि गावच्या भजनातले एक वृद्ध पखवाजी. प्रत्येकाने कागदावर 'जुनी' किंवा 'नवी' असे लिहावयाचे.

गणिताच्या दृष्टीने, डोळे मिटून अंदाज केला तरी दहांतले पाच बरोबर यावेत. नऊ किंवा दहा केवळ दैवाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात एक. आमचे आले सहा, पाच, पाच आणि पखवाजींचा कागद कोरा. ते म्हणाले, 'ह्यो पण तसोच नि तो पण तसोच. माका तरी दोनय सारखेच लागतत. मी खोटा कित्याक लिवू?'

हे वाक्य मला त्या दिवसापासून अनेक छापील परीक्षणांहून मोलाचे वाटत आले आहे. पण गोष्ट येथे संपली नाही. पडद्यामागच्या नातवाने भ्रमणध्वनीवर एकेका उंचीचा नुसता सूर वाजवावयास सुरुवात केली; त्याच्या दृष्टीने तो खेळ होता. माणसाचा कान वीस आवर्तनांपासून वीस हजारांपर्यंत ऐकतो असे आपण पुस्तकात शिकवितो, परंतु वय वाढते तशी वरची बाजू झिजत जाते हे शिकवावयाचे राहून जाते. आठ हजारांवर काकांनी हात वर केला. दहा हजारांवर उशिरा केला. बारा हजारांवर ते आमच्याकडे पाहत राहिले. पोरगा सोळा हजारांवर कानात बोटे घालून हसत होता.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे झिलई तबकडीतच आहे म्हणायची.' दुसऱ्या दिवशी ते केबल बांधू लागले तेव्हा त्यांना भीड पडली ती निराळीच. दुकानदाराला काय लिहावयाचे? 'फरक नाही' असे लिहिले तर त्याचा माल वाईट म्हटल्यासारखे होते. खरे लिहिले तर स्वतःच्या कानाची गोष्ट परक्याला सांगितल्यासारखी होते. शेवटी 'सध्या गरज नाही' एवढे लिहून त्यांनी मुदतीपूर्वी एक दिवस पार्सल धाडले. दुकानदाराने ते तक्रार न करता घेतले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

एका पडवीतल्या चार म्हाताऱ्या-अर्धम्हाताऱ्या कानांवरून जगाचा निकाल लागत नाही, हे मला कळते. पण मोठ्या प्रयोगांची हकिगतही बोलकी आहे. आत काय बदलले हे ऐकणाऱ्याला आणि विचारणाऱ्यालाही कळू नये अशा रीतीने दोन आवाज आलटून-पालटून ऐकविणाऱ्या पेटीचे वर्णन डेव्हिड क्लार्क ह्यांनी अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध केले. २००७ साली जेम्स रँडी ह्या जादूगाराने, पुढे जो ढोंगे उघडी करण्याच्या कामी लागला होता, जाहीर केले की सव्वासात हजार डॉलर किमतीच्या बारा फुटी केबलींची एक जोडी साध्या चांगल्या केबलीपासून नुसत्या कानाने कोणी ओळखून दाखवावी आणि दहा लाख डॉलर घेऊन जावे. एक नामांकित परीक्षक पुढे आला. मग केबल देण्यातून ती बनविणाऱ्यांनी अंग काढून घेतले, अटींवरून वाद झाले आणि परीक्षा झालीच नाही. म्हणजे घरी घेऊन जा, पंधरा दिवस ठेवा, पाहा, हाताळा, हे चालते. पडद्याआड एक तास द्या, हे चालत नाही. जांगडीची खोट नेमकी येथे उघडी पडते. घरी नेणे म्हणजे परीक्षा करणे नव्हे. घरी नेलेली चीज आपण पाहतो, तिची किंमत आपल्याला ठाऊक असते, तिचे जाड रेशमी वेष्टण हाताला लागते, आणि ह्या साऱ्यांच्या संगतीत कान ऐकतो. दुकानातली भुरळ घरात येऊन मुक्काम करते, एवढेच.

येथे साहित्याच्या वाचकाला केंब्रिजच्या रिचर्ड्सची आठवण होईल. त्याने विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. १९२९ साली त्यावरचे पुस्तक निघाले. नाव काढताच थोरांच्या कविता नापास झाल्या आणि सामान्यांच्या पास. ह्यावरून आपल्याकडे पुष्कळांनी असा सिद्धान्त काढला, की नावाशिवाय वाचणे हेच खरे वाचणे. मला तो अर्धाच पटतो. गाणे ऐकताना हा जयपूर घराण्याचा गवई आहे हे ठाऊक असले, तर लयीशी चाललेली त्याची गुंफण मला लवकर ऐकू येते. नावाने माझा कान फसला का? नाही, नावाने तो वळविला. कसोटी अशी, की नावाने जे दाखविले ते एकदा दिसल्यावर नाव काढून घेतले तरी राहते का? गुंफण राहते. पडद्याआडच्या अनोळखी गवयातही ती मी पुन्हा ओळखू शकतो. काकांची झिलई पडदा लागताच गेली. रिचर्ड्सच्या विद्यार्थ्यांना जे सापडले नाही ते त्यांना कोणी दाखविले असते तर पुढच्या अनाम कवितेत ते त्यांना सापडले असते, अशी माझी शिक्षक म्हणून खात्री आहे. नाही तर आम्ही शाळेत कविता शिकवितो तरी कशासाठी?

केबलींची परीक्षणे ह्या दृष्टीने वाचून पाहावीत. 'काळोखी पार्श्वभूमी', 'मध्यसप्तकातील मखमली ऊब', 'रंगमंच दोन्ही बाजूंनी रुंदावला'. ही भाषा वाईट आहे म्हणून मी तिच्यावर टीका करीत नाही. जवारीविषयी बोलतानाही आपण 'खुली', 'बंद', 'गोल' अशीच रूपके वापरतो. पण 'खुली' म्हटले की मिरजेचा कारागीर दोरा सरकवून ती खुली करून देतो, आणि 'बंद' म्हटले की बंद. त्या शब्दाच्या पाठीशी एक कृती आहे. 'मखमली ऊब' म्हणणाऱ्याला विचारावे, की ही जरा कमी करून दाखवा.

आणि आपल्या घरची गोष्ट? दिवाळी अंकांच्या आणि मासिकांच्या कचेऱ्यांत पुस्तकांचे गठ्ठे येतात, त्यांवर 'अभिप्रायार्थ' असा शिक्का असतो. हीही जांगडच, फक्त परत न करण्याची. ज्याने पुस्तक धाडले त्याची भीड, प्रकाशकाची भीड, उद्या आपलेही पुस्तक त्याच्याकडे जावयाचे आहे ही भीड. मग 'अनुभवाची मखमली ऊब' आणि 'आशयाचा रुंदावलेला अवकाश' मराठी पानांवर उतरू लागतो. मीही कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका पुस्तकावर आलेल्या दोन परीक्षणांत मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर ह्यांपलीकडचे काहीही नव्हते, आणि दोन्ही स्तुतिपर होती. त्या पखवाजींसारखा कोरा कागद कोणी संपादकाकडे परत धाडला असे मी अजून ऐकलेले नाही.

ज्यांना केबल हवीच आहे त्यांनी ती जरूर जांगडीवर आणावी. चिठ्ठीवर मुदतीची तारीख लिहून घ्यावी, परतीचा खर्च कोणाचा ते आधीच विचारावे, जुन्या तारेचे खटके प्रथम साफ करावेत, आणि घरातले एखादे लहान पोर पडद्यामागे बसवावे. आमच्या काकांच्या पडवीवर मे महिन्यात नवे छप्पर चढले. तबकडी ते अजून रोज लावतात. नातू सुट्टीत आला की त्याला जवळ बसवून विचारतात, झांज कशी ऐकू येते ते सांग बघू, आणि पोरगा सांगतो.